पिशवीत नसलेलं माप

१

सोनबा शिकाऱ्याच्या हातात बंदूक फुटली ही बातमी कसब्यात पोचली, तेव्हा सितारा दुकानाच्या उंबऱ्यात बसून गोळीभोवती गुंडाळायच्या मेणकापडाच्या चकत्या कातरत होती. बातमीच्या पाठोपाठ कोतवाल चावडीचे प्यादे आले. तिच्या नवऱ्यानं, शमशुद्दीननं, हातातली कानस खाली ठेवली आणि तो त्यांच्याबरोबर निघाला. ती बंदूक त्यानंच घडवली होती.

पानपत होऊन एक पिढी उलटली होती. पुण्यात सरदारांचे वाडे उठत होते आणि प्रत्येक वाड्याला आपला शिकारखाना हवा होता. सोनबा अशाच एका सरदारांचा मुख्य शिकारी. बिबवेवाडीच्या उसात रानडुकरं शिरली की गावकरी त्यालाच बोलावून न्यायचे. त्या दिवशीही तो त्यासाठीच गेला होता. पहिलाच बार काढला आणि डाव्या हाताची बोटं गेली.

संध्याकाळी सितारा भाकरी घेऊन चावडीवर गेली. तपासाचं काम अनंतपंतांकडे होतं. माणूस किडकिडीत, बोलणं कोरडं. त्यांच्यापुढे सतरंजीवर फुटकी बंदूक आणि सोनबाची पिशवी मांडून ठेवली होती.

"तुझा नवरा म्हणतो, नळी निर्दोष होती," पंत म्हणाले. "म्हणणारच. फुटक्या मडक्याचा कुंभारसुद्धा तेच म्हणतो."

"मी बघू का, पंत?"

"बघ. आता आणखी काय फुटायची आहे ती!"

सितारानं नळी उजेडाकडे धरली. लग्न होऊन या घरात आल्यापासून गोळ्या ओतणं आणि चकत्या कातरणं तिच्याकडे होतं, त्यामुळे बंदुकीची नळी तिला परकी नव्हती.

"जोड कच्चा असता तर तडा जुना असता, आत गंज दिसला असता. ही फूट आतपर्यंत ताजी आहे. आणि फुटली ती मागच्या अंगाला, दारू बसते तिथे. गोळी मध्येच अडकली असती तर नळी मध्ये फुगली असती. पंत, दारू जास्त पडलीय."

"केस पिकलेल्या शिकाऱ्याकडून?" पंतांनी सुस्कारा सोडला. "सोनबाही तेच म्हणतो, चूक माझी. पण सरदारांना ते पटत नाही. शमशुद्दीन त्याचा जुना दोस्त, त्याला वाचवायला सोनबा अंगावर घेतोय, असं त्यांचं म्हणणं. बुधवारी ते इथे येणार आहेत."

"आणि मग?"

पंतांनी नजर कागदावर वळवली. "सोनबाचा हात गेला तसा कारागिराचाही जावा, असं ते बोलून गेलेत."

 सितारानं नळी हळूच सतरंजीवर ठेवली आणि पिशवी पुढे ओढली. दारूचा बुधला होता. गोळ्या होत्या. चकत्या होत्या, तिनंच कातरलेल्या. तिनं पिशवी उलटी करून झटकली.

"पंत, माप कुठे आहे?"

"कसलं माप?"

"दारूचं. ही नळी आतून पिळाची आहे, मळसूत्रासारख्या खाचांची. चकतीत गुंडाळलेली गोळी तिच्यात घट्ट बसते, म्हणून दारू कमी लागते. त्यात शिकारखान्यातली दारू बारीक आणि तेज. जुन्या बंदुकीत ओतायचे तशी ओतून चालत नाही. म्हणून यांनी सोनबादादांना शिंगाचं माप करून दिलं होतं. ते भरायचं, वरून बोट फिरवायचं, आणि तेवढीच घालायची. त्या मापाशिवाय दादा घराबाहेर पडत नाहीत."

पंतांनी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"मग गेलं कुठे?"

२

त्या दिवशी सोनबाबरोबर एकटा गेनबा होता. तोही शिकारीच. मुख्य शिकाऱ्याची जागा त्याला हवी होती आणि मिळाली सोनबाला, हे अख्ख्या शिकारखान्याला ठाऊक होतं. दारू आणि गोळ्या त्या दिवशी त्यानंच काढून आणल्या होत्या. पंतांचा संशय साहजिकच त्याच्यावर गेला. सिताराचाही.

ती शिकारखान्यात गेली तेव्हा गेनबा कुत्र्यांना भाकरी टाकत होता.

"आलीस? म्हटलं, अजून कोन आलं न्हाई मला चोर म्हनायला."

सितारानं वाद घातला नाही. पिशवी आणि फुटकी नळी तिनं पंतांकडून मागून आणली होती; पिशवीतली गोळी काढली, चकतीत धरली आणि नळीच्या शाबूत तोंडात दाबून पाहिली. घरच्या साच्यातली गोळी बसते तशीच बसली. जड नाही, मोठी नाही. मग बुधल्यातली चिमूटभर दारू दगडावर टाकून पेटवली. भस्सकन् जळाली, डाग उरला नाही. नेहमीचीच बारीक दारू.

"झालं समाधान?" गेनबा म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "जागा पायजे व्हती मला. मानसाचा हात नको व्हता."

"गेनबादादा, बंदूक भरताना तुम्ही पाहिलंत?"

"माझं ध्यान डुकराकडं. उसातनं सळसळत येत व्हतं. येवढं खरं, की दारू वतताना त्याच्या हातात कायतरी चमाकलं. उन्हाची तिरीप डोळ्यावर आली, म्हून ध्यानात ऱ्हायलं."

सितारा थबकली. शिंगाचं माप काळपट असतं. ते चमकत नाही.

"आन् अजून एक हाय," गेनबा हळू आवाजात म्हणाला. "पंतांना सांगितलं न्हाई. सांगितलं तर म्हनतील, आपल्या अंगावरचं ढकलतोय. बार फुटल्यावर त्यो बांधावर पडला. मला म्हनला, गेनबा, पानी आन. मी वढ्यावर पळालो. परत आलो तर गडी बांधावर न्हाई. पार विहिरीच्या काठाला. रगताचा माग तिथवर. मी दिलेलं पानी प्याला सुदीक न्हाई."

हाताची चाळण झालेला माणूस सरपटत विहिरीपर्यंत गेला. पाण्यासाठी गेला नाही. मग कशासाठी?

३

सोनबाचं घर पर्वतीच्या पायथ्याशी होतं. अंगणात शिरतानाच औषधी पाल्याचा वास आला. सोनबा ओसरीवर घोंगडीवर पडला होता. डावा हात फडक्यात गुंडाळून उशीवर ठेवलेला. त्याची बायको चिमाबाई उशाशी बसून पंख्यानं माश्या वारत होती. सिताराला पाहताच ती उठली आणि तिला पोटाशी धरलं.

"शमशुभावजी कसं हाईत? जेवत्यात का?"

सितारानं मान हलवली.  चिमाबाई आत पाणी आणायला गेली, तशी ती सोनबाजवळ बसली.

"दादा, दारू कशी मोजलीत?"

सोनबा आढ्याकडे पाहत होता. "माप घरी इसरलो. तळहातावर गोळी ठिवली आन् झाकंपातुर दारू वतली. जुनी रीत. जास्त पडली. चूक माझी, शमशूची न्हाई. पंतांना तसं सांग."

जुनी रीत सिताराला ठाऊक होती. पण त्या रीतीला डाव्या हाताची ओंजळ वाटीसारखी वळावी लागते. बिबट्यानं चावल्यापासून सोनबाच्या डाव्या हाताची बोटं ताठ राहिली होती. बंदूक टेकवण्यापुरता हात, वळत मुळीच नसे. म्हणून तर शमशुद्दीननं मुद्दाम बसून माप कोरलं होतं. हे सरदारांनाही माहीत होतं.

सोनबा खोटं बोलत होता. इतकं उघड खोटं, की त्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं.

"दादा, असं सांगून हे सुटणार नाहीत."

त्यानं डोळे मिटून घेतले. पापण्यांच्या कडेनं पाणी ओघळलं. "मला इचारू नगंस, पोरी."

सितारा आत गेली. चुलीजवळच्या देवळीत शिंगाचं माप दिसलं. काळपट, काठाला टवका उडालेलं. तिनं ते हातात घेतलं. म्हणजे घरी राहिलं हे खरंच होतं! मग उन्हात चमकलं ते काय?

"त्ये जुनं हाय," चिमाबाई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "सितारा, त्यांच्या पिशवीत नवं सापडलं का गं? त्यांना इचारायचा धीर हुईना. म्या हौसेनं करून घेतलं व्हतं. तांब्याचं."

४

दसऱ्याच्या शस्त्रपूजेला चिमाबाईनं ते नवऱ्याच्या बंदुकीशेजारी ठेवलं होतं. जुन्याचा काठ उडालेला, मग मुख्य शिकाऱ्याच्या कमरेला तसलं बरं दिसेना. सोनबा दुपारी झोपलेला असताना तिनं जुनं माप तांबट आळीत नेऊन दाखवलं आणि अगदी तस्सं करायला सांगितलं, फक्त काठावर एक मोर कोरून. पूजेच्या वेळी ते पाहून सोनबा पोरासारखा हसला होता, आणि बिबवेवाडीला तो ते पहिल्यांदाच घेऊन गेला होता.

हे सांगताना चिमाबाईचा चेहरा इतका उजळला की सितारानं नजर वळवली. जुनं माप देवळीत ठेवून ती बाहेर पडली आणि थेट चिमाबाईनं सांगितलेल्या मच्छिंद्र तांबटाकडे गेली.

आळीत हातोड्यांचा गजर चालला होता. मच्छिंद्रनं हातातलं घंगाळ बाजूला सारलं.

"केलं होतं की! दोरीनं घेर घेतला, काडीनं उंची. केसाचा फरक काढून दाखव. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं असतंस तर जुळी भावंडं वाटली असती."

"आणि आतून?"

"आतून काय? पोकळ. माप आहे ना ते?" तो हसला. "पत्रा मात्र पातळ काढला, पिंपळपानासारखा. चिमावहिनी म्हणाल्या, कमरेला ओझं नको व्हायला."

कुठे चुकलं ते सिताराला उमगलं. शमशुद्दीननं शिंग जाड ठेवून आत अरुंद भोक कोरलं होतं. नव्या तेज दारूला तेवढीच पोकळी पुरे होती. बाहेरून ते मुठीत नीट धरता यावं म्हणून जाड. तांबटानं बाहेरचं रूप हुबेहूब उचललं. आतली जाडी गेली आणि पोकळी वाढली.

"पहिलं एक काठाला चेपलं म्हणून टाकून दिलंय बघ," मच्छिंद्रनं कोपऱ्यातून एक तांब्याचं माप काढलं. "हवं तर ने. पण झालंय काय?"

तिनं सांगितलं. मच्छिंद्र खाली बसला. शेजारचे हातोडे चालूच होते; त्याचा मात्र पुढं उचलला गेला नाही.

"मला कोणी सांगितलं असतं, आतलं मोजायचं..." तो एवढंच म्हणाला.

माप ओच्यात घेऊन सितारा निघाली. चावडीचा रस्ता डावीकडे होता. तिथे जाऊन हे पंतांपुढे ठेवलं की नवऱ्याचा हात वाचणार होता. आणि भर कचेरीत सगळ्यांदेखत कोणीतरी म्हणणार होतं, की सोनबाचा हात त्याच्या बायकोनं घालवला. म्हणूनच तो रक्ताळलेल्या अंगानं विहिरीपर्यंत गेला होता.

चौकात ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग घरी गेली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईच दारात उभी. पर्वतीपासून चालत आली होती.

"काल तू माझ्या घरातनं गेलीस ती तोंड चुकवून," ती बसायच्या आधीच म्हणाली. "नव्या मापाचं नाव काढलं आन् तुझा रंग उतरला. त्येंना इचारलं तर भितीकडं तोंड करत्यात. आता तूच सांग."

"वहिनी, काही नाही."

"तुझा नवरा चावडीत हाय आन् तू म्हनतीस काई न्हाई?" चिमाबाईनं कनवटीचं शिंगाचं माप काढून तिच्यापुढे ठेवलं. "ह्ये आनलंय. सांग."

सितारा उठली. काल आणलेलं तांब्याचं माप शिंगाच्या मापाशेजारी ठेवलं. खरंच जुळी भावंडं. मग फडताळातला मोहरीचा डबा आणून मध्ये ठेवला. "वहिनी, तुम्हीच भरून बघा."

चिमाबाईनं दोन्ही मापं उचलून पाहिली. मग तिनं शिंगाचं माप मोहरीनं भरलं, वरून बोट फिरवून सपाट केलं, आणि तांब्याच्या मापात ओतलं. मोहरी तळाशी कुठेतरी गेली. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. तरीही काठ रिकामाच. तिसऱ्यांदा भरायला गेलेला तिचा हात डब्यातच थांबला.

तिनं तांब्याचं माप पालथं केलं, मोहरी जमिनीवर सांडली.

"त्येंना कळलं व्हतं?" तिनं विचारलं.

"फुटल्यावर कळलं असावं. माप विहिरीत टाकलं त्यांनी. तुम्हाला कळू नये म्हणून."

चिमाबाईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. सितारा तिला टेकून बसली.  एकीचा नवरा कोठडीत, दुसरीचा घोंगडीवर.

मग चिमाबाईनं डोळे पुसले आणि सांडलेली मोहरी एकेक दाणा वेचून डब्यात भरली.

"चल," ती म्हणाली. "बुधवार कशाला उजाडू द्यायचा? पंतांना आजच गाठू."

"मी सांगते वहिनी. तुम्ही नका येऊ."

"का? करून घेताना मी गेले व्हते, आता सांगताना तू व्हय?"

६

पंतांनी सगळं ऐकून घेतलं, सरदारांकडे माणूस धाडला, आणि गेनबालाही बोलावलं. गेनबाला विहिरीचं विचारलं तेव्हा तो उठून सरळ बाहेर पडला.

दुपारी चावडीत सरदार गादीवर येऊन बसले. शमशुद्दीनला बाहेर आणलं. सिताराला पाहताच त्यानं मान किंचित हलवली. भिऊ नकोस म्हणायची त्याची तीच रीत. चिमाबाई पुढे झाली, पदर सावरला, आणि स्वच्छ आवाजात सगळं बोलली. दसरा, तांबट आळी, काठावरचा मोर, पातळ पत्रा. काही लपवलं नाही.

एवढ्यात दारात गलबला झाला. डोलीतून सोनबा आला होता. कोणीतरी त्याला खबर दिली होती.

"खोटं बोलतीया ती!" तो डोलीतूनच ओरडला. "माप न्हाई, काय न्हाई! माझी चूक!"

मागून मच्छिंद्र पुढे सरकला. "सरकार, चूक माझी. आतलं मी मोजलं नाही."

अनंतपंतांनी लेखणी खाली ठेवली. "चोर शोधताना आमचे जोडे झिजतात. इथे गुन्हा कबूल करायला रांग लागली आहे."

सरदार हसले नाहीत. "बाईच्या बोलण्याला पुरावा काय? नवऱ्यासारखी तीही मैत्रीखातर बोलत असेल. ते माप कुठे आहे?"

 तेवढ्यात गेनबा आत आला. अंगावरचं धोतर निथळत होतं, केसांना शेवाळ लागलं होतं. कोणी सांगितल्याशिवाय तो बिबवेवाडीच्या विहिरीत उतरला होता. त्यानं मूठ उघडून तांब्याचं माप सरदारांपुढे ठेवलं. आत दारूचा काळा डाग अजून दिसत होता. चिमाबाईनं कोरून घेतलेला मोर काठावर स्पष्ट दिसत होता.

सितारानं शिंगाच्या मापानं पाणी त्यात ओतून दाखवलं; दोनदा ओतलं तरी ते भरलं नाही. सरदारांनी स्वतःच्या हातानं पुन्हा ओतून पाहिलं. मग पंतांकडे वळून म्हणाले, "कारागिराला सोडा." उठताना चिमाबाईपाशी थांबले.  मान लववून गेले.

चिमाबाई डोलीपाशी गेली. सोनबा तिच्याकडे पाहत नव्हता.

"भरताना कळलं व्हतं काय तुमास्नी?" तिनं विचारलं.

"ठासायचा गज आत दाबला तवा नेहमीपरीस वर ऱ्हायला," तो म्हणाला. "हाताला कळलं. डुकार समोर व्हतं, ते खरं. पर थांबलो असतो. पन मनात आलं, माप तर तू दिल्यालं. त्यात कशी चूक असंल?"

चिमाबाईनं त्याचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्या चावडीदेखत कपाळाला लावला.

त्या रात्रीचं जेवण सोनबाकडे झालं. शमशुद्दीन आणि सितारा घरी न जाता चावडीतून थेट तिकडेच गेले होते, आणि पंगतीला गेनबा आणि मच्छिंद्रही होते.  चिमाबाई सोनबाजवळ बसली, भाकरी कालवणात कुस्करली आणि घास त्याच्या तोंडापुढे धरला.

"अगं, उजवा हात शाबूत हाय माझा," सोनबा लाजून म्हणाला. "समदी बघत्यात."

"बघू द्या," चिमाबाई म्हणाली. हात तसाच पुढे धरलेला.

सोनबानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.